जुना भाग जमा नाही

रुग्णालयातले लोक तिला पाठीमागे टाचणीबाई म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. दारावर 'अंतर्गत लेखापरीक्षक' अशी पाटी होती, पण पाट्या वाचायला वेळ कोणाला असतो? तिच्या टेबलावर बिल आलं की त्यात काही ना काही कमी निघायचंच. मग ती बोटभर चिठ्ठीवर आक्षेप लिहायची, चिठ्ठी बिलाला टाचणीने टोचायची आणि बिल आल्या पावली परत पाठवायची. कोणी म्हणालं, बाई, स्टेपलर वापरा, तर ती म्हणायची, टाचणी बोटाला लागते, म्हणून माणसाच्या लक्षात राहते. बावीस वर्षांत तिने कोणाचा फुकट चहा घेतला नव्हता. कँटीनमध्ये ती स्वतःच्या कपाचे पैसे मोजून द्यायची आणि वर पावती मागायची. कँटीनवाला पावती देत नसे, म्हणून ती त्याच्यावरही चिडायची.

चिडणं हा तिचा निम्मा पगार होता म्हणा ना. सरकारी दवाखान्यात हिशेब तपासणारा माणूस चिडका नसेल तर तो एकतर मूर्ख असतो नाहीतर वाटेकरी, असं तिचं ठाम मत होतं. हे मत ती घरीही सांगायची, नवऱ्याला आणि नणंदेला, भाजी चिरता चिरता. नणंद निवृत्त शिक्षिका, नवऱ्याची मोठी बहीण, लग्न न केलेली, आणि चार वर्षांपासून दोन्ही मूत्रपिंडं निकामी. दर सोमवारी आणि गुरुवारी भाऊ तिला स्कूटरवरून याच रुग्णालयात डायलिसिसला सोडायचा. वहिनीचं मत ऐकून ती नुसती हुं म्हणायची.

त्या बुधवारी सकाळी अधीक्षकांनी टाचणीबाईला बोलावलं. अधीक्षक मूळचे शल्यचिकित्सक, पण गेल्या सात वर्षांत त्यांनी उद्घाटनाच्या फितीशिवाय काही कापलं नव्हतं. माणूस मात्र गोड. बसा म्हणाले, पंखा वाढवला, आणि मग एक परिपत्रक तिच्यासमोर सरकवलं.

परिपत्रकातली गोष्ट तिला पाठ होती. वर्षाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं. पहिला हप्ता कुठे आणि कसा खर्च केला याचं प्रमाणपत्र वर पाठवल्याशिवाय दुसरा सुटत नाही, ही जुनी पद्धत. यंदा वरच्या कचेरीने त्यात एक ओळ घातली होती: लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप शिल्लक असल्यास प्रमाणपत्र स्वीकारले जाणार नाही. रुग्णालयाचे एक्केचाळीस आक्षेप होते. चाळीस मिटले होते. उरलेला एक चार वर्षांचा जुना होता आणि तो तिच्याच हातचा होता.

प्रमाणपत्र शुक्रवारी दुपारपर्यंत गेलं पाहिजे, अधीक्षक सांगत होते. डायलिसिसच्या खोलीत रक्त गाळायच्या नळकांड्या आणि नळ्या बारा दिवस पुरतील एवढ्याच आहेत. दुसरा हप्ता आला नाही तर तेराव्या दिवशी खोलीला कुलूप. सव्वीस रोगी आहेत. शहरातल्या खासगी दवाखान्यात एका वेळच्या डायलिसिसला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात त्यांच्यातल्या बहुतेकांचं घर पंधरा दिवस चालतं. "आणि त्या सव्विसांत तुमच्या घरचंही माणूस आहे," अधीक्षक हळूच म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं असं तिला वाटलं, पण ते खोटं नव्हतं.

उपाय त्यांनी तयारच ठेवला होता. आक्षेप मिस्त्रीवर होता. मिस्त्री म्हणजे रुग्णालयाची यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. चार वर्षांपूर्वी डायलिसिसच्या दोन नंबरच्या यंत्राला पंपाची नवी मोटर बसवली, पण जुनी काढलेली मोटर भांडारात आली नाही. नियम असा, की जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि नवा घेऊन जुना दिला नाही तर तो गेला कुठे याचा जबाब द्यावा लागतो. मिस्त्रीने तो दिला नव्हता. तर आता मोटर गहाळ झाली असं लिहा, मिस्त्रीच्या शेवटच्या पगारातून तिची किंमत वसूल करा, आक्षेप मिटला.

किंमत फार नव्हती, मिस्त्रीच्या पगाराचा चौथा हिस्सा. पण नोकरीच्या नोंदीत 'गहाळ' आणि 'वसुली' हे दोन शब्द शेवटच्या महिन्यात पडले की पेन्शनचा कागद अडतो, चौकशी लागते आणि ती पाच-सहा वर्षं चालते, हे दोघांनाही माहीत होतं. दोघांपैकी कोणी ते बोललं नाही. नियमाप्रमाणेच होतं सगळं. टाचणीबाई म्हणाली, ठीक आहे, पण कागद करण्याआधी मी त्याला एकदा विचारते. अधीक्षक म्हणाले, विचारून काय होणार. त्यांचा आवाज जरा घाईचा होता, पण ती उठली होती.

मिस्त्रीची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. जमिनीवर तेलाचे डाग, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, कोपऱ्यात तीन मोडक्या रक्तदाब-यंत्रांतून एक चांगलं करण्याचं काम चाललेलं. सरकारी रुग्णालयात नवं यंत्र घ्यायला पैसे येतात, कारण नव्या यंत्राचं उद्घाटन होतं. दुरुस्तीला येत नाहीत, कारण पाना फिरवताना कोणी फोटो काढत नाही. त्यामुळे अख्खं रुग्णालय या जिन्याखालच्या खोलीच्या जिवावर चाललेलं असायचं आणि हे कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेलं नसायचं.

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोटर आणा, नाहीतर उद्या वसुलीचा कागद निघेल. मिस्त्रीने हात पुसले. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, मग तो कुठेतरी गेला आणि नुसता कंटाळा उरला.

"बाई, चार वर्षं ही दोरी तुम्ही माझ्या गळ्यात ठेवली, मी गप्प बसलो," तो म्हणाला. "आता मी चाललोच आहे. आता तरी सोडा की."

तिला कळेना. कसली दोरी? ती म्हणाली, मी कोणाच्या गळ्यात काही ठेवत नाही, मला फक्त मोटर हवी. मिस्त्रीने एक स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मोटर बघायची आहे ना, म्हणाला, चला दाखवतो, आता दोन पाळ्यांच्या मधली वेळ आहे.

दोन मजले चढून ती डायलिसिसच्या खोलीत आली. चार खाटा, चार यंत्रं, खिडकीला हिरवे पडदे आणि धुतलेल्या फरशीचा वास. या खोलीची किती बिलं तिच्या हाताखालून गेली होती. पडद्याचं कापड मीटरला कितीला पडलं हेही ती सांगू शकली असती. पडदे हिरवे आहेत हे मात्र तिला आज कळत होतं. सकाळची पाळी संपली होती, दुपारचे रोगी बाहेरच्या बाकावर डबा खात होते. मिस्त्रीने तीन नंबरचं यंत्र भिंतीपासून ओढलं, मागचं झाकण खोललं आणि टॉर्चचा उजेड आत टाकला.

मोटरवर कारखान्याचा आकडा कोरलेला होता. तिने तो वाचला, पुन्हा वाचला. आक्षेपाच्या चिठ्ठीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला तोच आकडा होता.

मिस्त्रीने सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी तीन नंबरची मोटर जळली होती आणि दोन नंबरची कुरकुरत होती. मंजुरी एकाच मोटरची आली, दोन नंबरसाठी. त्याने नवी दोनला बसवली, दोनची काढलेली घरी नेऊन स्वतःच्या खर्चाने तिची तार नव्याने गुंडाळली आणि तीनला लावली. एका मोटरच्या पैशात दोन यंत्रं चालू. तसं त्याने लिहूनही दिलं होतं, अर्ध्या कागदावर. आणि त्यावर शेरा आला होता: उत्तर अमान्य, भाग आधी भांडारात जमा करावा, नंतर रीतसर मागणी करून उचलावा.

तो शेरा तिचाच होता. तिला आठवला. त्या दिवशी तो लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं होतं, हेही आठवलं. जमा करायची म्हणजे चालू यंत्रातून मोटर काढून भांडारात ठेवायची, आणि मग तिची मागणी सहा महिने टेबलाटेबलावर फिरणार. मिस्त्रीने ती काढली नाही. यंत्र चालत राहिलं आणि आक्षेपही.

पण मग तिच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. तीन नंबरचं जुनं यंत्र तर मोडीत निघालं होतं. तीन वर्षांपूर्वी. कागदोपत्री ते बंदच होतं, कारण दुरुस्तीची नोंदच झाली नव्हती. नोंद होऊ दिली नव्हती तिनेच. बंद यंत्र म्हणून ते भंगारात विकलं गेलं, भंगाराची पावती फायलीत होती, आणि त्याच्या जागी कोरं नवं यंत्र घेतलं होतं. तीन कोटेशनं, सगळ्यांत स्वस्त पुरवठादार, पोच, हमीपत्र, बसवल्याचा दाखला. तिने ते बिल पास केलं होतं. त्या फायलीला तिने एकही टाचणी लावली नव्हती, कारण इतके नीटनेटके कागद तिने वर्षभरात पाहिले नव्हते.

"हे यंत्र नवं आहे," ती म्हणाली. म्हणता म्हणताच तिला दिसलं की वरचा रंग नवा आहे, आणि खाली, चाकांपाशी, जुनाच.

मिस्त्री म्हणाला, त्या वेळी त्याला आठ दिवस दुसऱ्या गावी प्रशिक्षणाला पाठवलं होतं. परत आला तेव्हा यंत्राला रंग लागला होता आणि नवी पाटी. यंत्राच्या नावाने भंगारात गेलं ते लोखंडी खाटांचं वजन. नवं यंत्र आलंच नव्हतं. त्याची किंमत मिस्त्रीच्या सहा वर्षांच्या पगाराएवढी होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, पण इथे आंधळ्याने वर पीठ बरोबर भरल्याची सहीसुद्धा दिली होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं. तिचा आवाज चढला. "तीन वर्षं? मला येऊन सांगायला काय झालं होतं?"

मिस्त्री झाकणाचे स्क्रू बसवत होता. तो थांबला.

"मोडीत काढताना तिघांच्या सह्या लागतात बाई. अधीक्षक, भांडारपाल आणि तुम्ही. 'समक्ष पाहिले' असं छापलेलं असतं सहीच्या वर. आम्हाला वाटलं, पाहूनच केलीत. तुमच्यासारखी बाई न बघता सही करते हे कोणाला खरं वाटेल?"

तो पुढे म्हणाला, आणि माझ्यावरचा आक्षेप तुम्ही मिटवत नव्हता. मला वाटलं, तो मुद्दाम ठेवलाय. मी तोंड उघडलं की मोटरचोर ठरणार.

म्हणजे अख्ख्या रुग्णालयाचं तिच्याबद्दल मत ठरलेलं होतं. परिचारिका, भांडारातले हमाल, ती ज्याला पावती मागून हैराण करायची तो कँटीनवालासुद्धा. चहाचे पैसे मोजून देते, आणि यंत्रं गिळते. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी, कारण चोर कोण हे माहीत असलं की पोलिसाकडे जाता येतं, पण पोलिसच चोर असला तर कोणाकडे जायचं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अधीक्षकांचा राग आला, भांडारपालाचा आला, या गप्प बसलेल्या शहाण्या माणसाचाही आला. पण त्या सगळ्या रागांना धरायला जागा सापडेना. प्रत्येक राग फिरून तिच्याच सहीपाशी येत होता.

आपल्या खोलीत येऊन तिने मोडीची आणि खरेदीची अशा दोन्ही फायली काढल्या. वर्षअखेरीचे दिवस होते ते. सतरा दिवसांत एकशे तीस फायली. 'समक्ष पाहिले'च्या खाली तिची सही होती, ठळक, शेवटी दोन ठिपक्यांसह. ती खुर्चीवरून उठली नव्हती. दोन मजले चढायला लागतात चार मिनिटं. चार मिनिटं तिने वाचवली होती, आणि कागदावरची बेरीज तीनदा तपासली होती.

दुपारी अधीक्षकांचा शिपाई दोनदा येऊन गेला, वसुलीचा कागद झाला का विचारायला. तिने सांगितलं, उद्या. गहाळ लिहिलं तर सगळं सुरळीत होणार होतं. मोटर गेली, मिस्त्री गेला, हप्ता आला, नणंदेचं डायलिसिस चालू. आणि त्या मोटरची शेवटची ओळखही कागदावरून पुसली जाणार होती. अधीक्षकांना घाई कशाची होती ते आता तिला समजलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि फाशीचा दोर तिने वळायचा. उलट खरं लिहून प्रमाणपत्र अडकलं तर तेराव्या दिवशी सव्वीस माणसं बाहेरच्या बाकावर. हा विचार करताना तिला पहिल्यांदा त्या बाकावर नणंद दिसली, डबा मांडीवर घेतलेली.

गुरुवारी सकाळी तिने लिहायला घेतलं. आक्षेप मिटवण्याची एक वाट नियमातच होती आणि चार वर्षांत ती वापरायचं तिला सुचलं नव्हतं: भाग प्रत्यक्ष पाहिला असेल तर तपासनिसाने तसं लिहून आक्षेप मागे घ्यावा. तिने लिहिलं, दोन नंबरच्या यंत्राची जुनी मोटर मी काल स्वतः पाहिली. ती तीन नंबरच्या यंत्रात बसवलेली असून चार वर्षं चालू आहे. तंत्रज्ञाने दिलेलं मूळ उत्तर खरं होतं, ते अमान्य करण्यात माझी चूक झाली. हे तीन नंबरचं यंत्र तेच आहे जे भंगारात विकल्याचं आणि ज्याच्या जागी नवं घेतल्याचं कागदावर आहे. विकताना आणि घेताना अशा दोन्ही वेळा मी यंत्र न पाहता 'समक्ष पाहिले' म्हणून सही केली. आक्षेप मागे घेत आहे. शिल्लक आक्षेप: शून्य.

मग तिने सही केली. या कागदावर अधीक्षकांची प्रतिस्वाक्षरी लागत होती, तिच्याशिवाय प्रमाणपत्र वर जाणार नव्हतं. हप्ता हवा असेल तर त्या माणसाला याच्याखाली सही करावी लागणार होती. तिला तो क्षण बघायचा होता. खोटं कशाला सांगा, ती कागद घेऊन जिना चढली तेव्हा तिला आनंदच होत होता.

अधीक्षकांनी कागद पूर्ण वाचला. एकदा त्यांचा हात टेबलावरच्या पेल्याकडे गेला आणि तसाच परत आला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, हे असं लिहायची गरज नव्हती. ती म्हणाली, याशिवाय दुसरं मी लिहिणार नाही. ते म्हणाले, यात पहिली मान तुमची जाते. ती म्हणाली, जाऊ दे. त्यांनी पेन काढलं आणि सही केली. तारीख घातली. शिक्काही स्वतःच उमटवला.

"मॅडम, वरच्या कचेरीत शेवटची ओळ वाचतात," ते अगदी नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले. "शून्य आहे ना, झालं. आणि कोणी वरपासून वाचलंच, तर फोन मला येईल. तुम्हाला नाही."

कागद हातात घेऊन ती बाहेर आली. तिला वाटलं होतं माणूस थरथरेल, ओरडेल, निदान धमकी देईल. त्याने तिला धमकी देण्याच्याही लायकीचं समजलं नव्हतं. जिन्यात थांबून तिने भिंतीवर मूठ आपटली. हात दुखला, भिंतीला काही झालं नाही.

प्रमाणपत्र शुक्रवारी गेलं. नवव्या दिवशी दुसरा हप्ता आला. नळकांड्या आल्या, नळ्या आल्या, तीन नंबरचं यंत्र तार गुंडाळलेल्या मोटरवर फिरत राहिलं. महिनाअखेरीला मिस्त्री पेन्शनचा स्वच्छ कागद घेऊन निवृत्त झाला. जाताना तो तिच्या दारात आला, बाई येतो म्हणाला, आणि माफ करा असंही काहीतरी पुटपुटला. तिला त्याला आत बसवता आलं नाही. वरून कोणाचा फोन आला नाही, ना तिला, ना बहुतेक अधीक्षकांना. त्या महिन्यात उत्कृष्ट आर्थिक शिस्तीबद्दल रुग्णालयाला प्रशस्तिपत्र आलं: शिल्लक आक्षेप शून्य.

तिने मग स्वतंत्र अहवाल लिहिला, अकरा पानी, थेट खात्याच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याला. मोटरच्या आकड्याचा फोटो, रंगाखालच्या रंगाचा फोटो, पाटीचा फोटो, भंगाराच्या पावतीची नक्कल. स्वतःचं नाव तिने दोषी म्हणून पहिलं घातलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. छायाचित्रे साक्षांकित नाहीत. पूर्तता करून फेरसादर करावे. उत्तराची चिठ्ठी तिच्याच अहवालाला टोचलेली होती.

ते पाकीट घेऊन ती घरी आली तेव्हा संध्याकाळ होती आणि नवरा बाजारात गेला होता. नणंद खुर्चीवर बसून गवार मोडत होती. सोमवार होता, त्यामुळे तिच्या दंडावर पट्टी होती. इतके दिवस घरात टाचणीबाईने कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती. आज राग लाजेपेक्षा मोठा झाला होता. तिने चप्पल काढली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मोटर, रंग, पाटी, खाटांचं भंगार, तिची सही, अधीक्षकांची सही, साक्षांकन. मी उद्या साक्षांकित करून पुन्हा पाठवणार, ती म्हणाली. परत आलं तर पुन्हा पाठवणार. मला कामावरून काढलं तरी पाठवणार.

नणंदेचे हात थांबले होते. तिने शेंगांची परात बाजूला ठेवली.

"म्हणजे तू घेतले नव्हतेस?" तिने विचारलं.

टाचणीबाईला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला.

नणंद खाली बघत बोलत होती. ती म्हणाली, रंगवलेलं ते यंत्र जुनंच आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोवर वर्षभर त्याच्याशेजारी पडून काढलं होतं, त्याची घरघर मला माझ्या श्वासासारखी पाठ आहे. परिचारिका कुजबुजायच्या, मी झोपलेय असं समजून. त्यात तुझं नाव यायचं. त्याच महिन्यात तू माझ्यासाठी बाहेरून ती महागडी इंजेक्शनं आणायला लागलीस. मी मनात म्हटलं, वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा हात ओले केले, ते माझ्यासाठी. तोंड उघडून मी तुला कशी विचारणार?

"ते पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढले होते," टाचणीबाई म्हणाली. "कर्ज काढून. अजून फेडतेय. तीन वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात ताई, माझ्याशी हसलात, बोललात, आणि मला चोर समजत होतात? एका घरात राहून? एक शब्द विचारला असता तर मी तेव्हाच..."

"मी विचारायला हवं होतं," नणंद म्हणाली. "चुकलं माझं." ती शिक्षिका होती आणि अर्धं उत्तर तिला कधी चालत नसे. "पण मी त्या खाटेवर आठवड्यातून दोनदा चार-चार तास पडलेली असते, वहिनी. तू त्याच इमारतीत, दोन मजले खाली. चार वर्षांत एकदा, नुसतं मला बघायला म्हणून जरी वर आली असतीस, तरी तुला दिसलं असतं."

टाचणीबाई दारातच उभी होती, पायात चप्पल तशीच. थोड्या वेळाने नणंदेने परात पुन्हा मांडीवर ओढली आणि खाली बघून शेंगा मोडायला लागली.